नामूचा डावा हात

बोनकोडे
९ सप्टेंबर २०२५

भावी,

तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून मेल करतेय. फोन करू नकोस असं तूच म्हणतेस, कारण तुमच्याकडे फोन वाजला की ओटीवरचे शेजारीही कान देतात. महापेच्या ऑफिसात होतीस तेव्हा ढीगभर मेल लिहायचीस. आता मावसबहिणीला एखादा लांबलचक लिही.

तू म्हणालीस, "ताई, नामूला तूच तपास ना." नाही तपासणार. रागावू नकोस, आधी ऐक.

नामू दोन-अडीच महिने आधीच जन्मला, काचेच्या पेटीत राहिला, आणि आता दोन वर्षांचा होत आलाय. अशा घाईत आलेल्या मुलांना या वयात नीट तपासावं लागतं. हातापायांचा ताठरपणा, बसणं, चालणं, दोन्ही हातांचा वापर, नजर, बोलणं, सगळंच. मेंदू या वयात अजून घडत असतो. काही कमी असेल आणि आत्ताच कळलं, तर पुष्कळ करता येतं. शाळेत गेल्यावर कळलं तर तेवढं करता येत नाही.

आमच्या हॉस्पिटलात अशी मुलं नेहमी येतात. पुढच्या वर्षापासून आणखी काही जिल्ह्यांत हीच तपासणी सुरू होणार आहे. म्हणून मी हल्ली मुलं कमी आणि मुलं तपासणारी माणसं जास्त बघते. सध्या चौघांना शिकवतेय. गेल्या महिन्यात एका मुलीला चौघांनी एकामागून एक तपासलं. निकाल चार आले. एकाच्या मते ती ठणठणीत, दुसरीच्या मते उद्यापासून उपचार हवेत. मुलगी तीच, खोली तीच, खेळणी तीच. शिंप्याची टेप रबराची असेल तर सदरा कुणाच्या अंगाला बसणार? मूल कुठल्या गावात कुणाच्या हाताखालून गेलं यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरावं, हे मला चालणार नाही.

म्हणून नियम केलाय. प्रत्येक मूल दोघं जण वेगवेगळे तपासतात, एकमेकांचे गुण न बघता. कॅमेरा चालू असतो. ज्याचं इतरांशी वारंवार जुळत नाही, तो परीक्षक होणार नाही.

आणि मी तर नामूची मावशी. तो नुसता हसला तरी मी त्याला पैकीच्या पैकी देईन. असले लाडाचे गुण त्याच्या काय कामाचे? माझे परीक्षक बघतील. त्याचा निकाल लागेपर्यंत मी त्याची फाइल उघडणार नाही, आमच्या डॉ. वैजयंती मॅडमना तसं सांगून ठेवलंय.

ऑक्टोबरात घेऊन ये. झोप झालेली असू दे, पोट भरलेलं असू दे. आणि काही शिकवून आणू नकोस.

ताई


मोरा
१४ सप्टेंबर

ताई,

राग आला होता, आता नाही. तुझं बरोबरच असेल.

घरात या तपासणीचं कुणालाच पटत नाहीये. सासूबाई म्हणतात, "आमचे घरान सगली पोरा उशिराच चालली. याचा आजा पन उशिराच चालला. डाक्टरांचे नादी नको लागू." नामूला नावही आजोबांचंच दिलंय, त्यामुळे त्यांना ते पुरावा म्हणून पुरतं. प्रणय बोटीवर आहे. मासळी चांगली लागली तर आठवडाभर येणार नाही. त्याला मी फक्त एवढंच सांगितलंय की वजन-उंची बघायला न्यायचंय.

तुला एक सांगते. आमच्या आळीत एक काका आहेत. लहानपणी ताप आला आणि त्यांचा पाय वाळला. त्यांचं नाव दादू आहे हे मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी कळलं. सगळं गाव त्यांना 'लंगडा' म्हणतं. प्रेमानेच म्हणतं, ते स्वतःही त्यालाच ओ देतात. मला तेच सहन होत नाही. एकदा चिकटलं की सुटत नाही ना.

नामू मजेत आहे. ठोकळ्यावर ठोकळा ठेवतो, वाटीतला भात स्वतः खातो, होडी दिसली की "बाबा" म्हणतो. फक्त अनोळखी माणसाला बुजतो. तपासताना माझ्या मांडीवर बसला तर चालतं ना?

भाविका


बोनकोडे
२७ ऑक्टोबर

भावी,

मांडीवर बसलेलं चालतं, असं तुला मेसेजवर कळवलं होतं, त्यानंतर लिहिणं झालंच नाही. तुम्ही येऊन गेलात एवढं रजिस्टरवरून कळलं, म्हणजे वैजयंती मॅडमनी सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

इकडे माझंच टेन्शन वाढलंय. चौघांपैकी नमिता आमची जुनी जाणती. नवजात बाळांच्या विभागात तिची उमेदीची वर्षं गेली. मुलं तिच्याकडे रडत जातात आणि हसत बाहेर येतात. दुसरा तेजस, साताऱ्याकडचा, आधी खेळाडूंचे गुडघे-खांदे बघायचा. मेहनती आहे, पण त्याचे गुण कधीच कुणाशी जुळत नाहीत. आता एका मुलावरून दोघांची चांगलीच जुंपली. नमिताने त्या मुलाला हातांचे पूर्ण गुण दिले, तेजसने डाव्या हाताला निम्मेसुद्धा नाही.

मी तेजसला विचारलं, "एवढे कमी का?"

"हात उघडत न्हाई, मॅडम. मूठ वळूनच ठेवतंय पोरगं."

नमिता म्हणाली, "माझ्यासमोर ते मूल आईच्या मांडीवर बसून सगळं करत होतं. मांडीवरून उतरवून चटईवर ठेवलंत की घाबरून मूठ आवळणारच."

"घाबरलं न्हवतं. चेंडू टाकला तर हसत गेलं."

"मग मला का नाही दिसलं?"

शुक्रवारी बैठक आहे. नियमाप्रमाणे त्याला थांबवावं लागेल. बायको-मुलीला गावी ठेवून इथे खोली घेऊन राहिलाय, त्यामुळे मला बरं वाटत नाही. पण मी त्याच्यावर दया करून त्याला पुढे सोडलं, तर त्याच्या हाताखालून जाणाऱ्या मुलांवर दया कोण करणार? नमिताचा डोळा मला आमच्यातला सगळ्यात भरवशाचा वाटतो. बहुतेक तेजसला मोकळं करावं लागणार.

तुला हे सगळं का सांगतेय कुणास ठाऊक. तू ऐकून घेतेस म्हणून.

ताई


मोरा
२९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र वाचलं. त्या तेजसला लगेच काढू नकोस. नवीन माणूस आहे, त्याला आणखी एक संधी दे. एका मुलावरून कुणाची नोकरी जाऊ नये. त्याची मुलगी केवढी आहे?

आणि ती कॅमेऱ्याची चित्रणं तुम्ही सगळी बघता का, की फक्त भांडण झालं तरच? मला आपलं सहज वाटलं.

नामू बरा आहे. मी सध्या घाईत आहे, सासूबाईंसोबत मासळी सुकवायला टाकायची आहे.

भाविका


बोनकोडे
४ नोव्हेंबर

भावी,

तुझं पत्र वाचून मला वाटलं होतं, केवढ्या मोठ्या मनाची आहे आमची भावी, न बघितलेल्या माणसासाठी जीव टाकते. तसं मी वैजयंती मॅडमना बोलूनही दाखवलं.

शुक्रवारच्या बैठकीत मी म्हटलं, कुणालाही थांबवण्याआधी चित्रण बघू या. चित्रणावर फक्त क्रमांक असतो. मी ते लावलं आणि समोर तू दिसलीस, मांडीवर नामू.

मी लगेच बंद केलं. ही माझी बहीण आहे, हे मूल मी बघणार नाही, असं सांगून बाहेर गेले. मॅडमनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मला आत बोलावून म्हणाल्या, "निकाल मी दिलाय, याला पुन्हा तपासायचं. आता तूही बघ, कारण चूक परीक्षकाच्या डोळ्यात नाही, तुझ्या नियमात आहे." मग मी पाहिलं.

नमिता ठोकळे देते, नामू उजव्या हाताने घेतो. आणि तुझा डावा हात त्याच्या डाव्या मुठीवर असतो. थोपटतेयस असंच वाटतं. नमिता बाटलीचं झाकण उघडायला देते, तेव्हा बाटली तू धरतेस, तो उजव्या हाताने झाकण फिरवतो आणि नमिता टाळ्या वाजवते. तेजसच्या वेळीही तेच चाललं होतं. मग तुझा फोन वाजला आणि तू उठून दाराशी गेलीस. तेवढ्या वेळात त्याने नामूला चटईवर ठेवून डाव्या बाजूला चेंडू टाकला. चेंडू त्याच्यापासून हातभरच अंतरावर होता. तो अख्खा वळला, गुडघ्यावर फिरला आणि उजव्याच हाताने चेंडू घेतला. डावी मूठ छातीशी तशीच. तू परत आलीस आणि सगळ्यात आधी तीच मूठ हातात घेतलीस.

भावी, तुला माहीत होतं. मी तुझ्यावर चिडलेली नाही, म्हणजे होते, दोन दिवस. पण आता त्याचा उपयोग नाही. नामूला पुन्हा तपासायला हवं, आणि लवकर. त्याची नीट तपासणी झाली नाही तर उपचार कशावर ठरवायचे? दिवस सांग, मी गाडी पाठवते.

ताई


बोनकोडे
२ डिसेंबर

भावी,

महिना होत आला. मेलला उत्तर नाही, मेसेज वाचून सोडून देतेस. घरच्या फोनवर केला तर तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "भाविका बाजारान गेलीय." दोनदा तेच म्हणाल्या.

तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही असं लिहायला बसले होते, पण ते खोटं होईल. मी करणार आहे. येत्या रविवारी सकाळी मी मोऱ्याला येते. घरात येणार नाही, तुला लोकांसमोर काही विचारणार नाही. लाँच लागते त्या धक्क्यावर बसून राहीन. तू आली नाहीस तर पुढच्या रविवारी येईन, नाहीतर त्याच्या पुढच्या. मला रविवारी दुसरं काम नाही.

ताई


मोरा
२२ डिसेंबर

ताई,

काल धक्क्यावर आपण काही बोललोच नाही. तू नामूकडे बघत होतीस आणि मी पाण्याकडे. म्हणून आज लिहितेय.

पहिल्या रविवारी मी तुला खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. मला तुझा फार राग आला होता. तुम्ही लोक मुलाला तराजूत घालता, हाताला इतके, पायाला इतके, आणि मग ते गुण त्याच्या गळ्यात बांधून पाठवता. तुझ्या नियमाचं काय ते तू बघ, माझं पोर त्यात कशाला, असं वाटलं.

हो, मला माहीत होतं. तो नीट बसायलाही लागला नव्हता तेव्हापासून. खुळखुळा डावीकडे धरला तरी तो उजव्याने घ्यायचा. मी मग सगळं उजवीकडेच धरायला लागले. त्याला त्रास नको, कुणाला दिसायला नको. पुढे ती सवयच झाली. त्या खोलीत मी काही ठरवून केलं नाही, ताई. माझा हात आपोआप तिकडे गेला. पण तुझं तेजसबद्दलचं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळलं होतं आणि तरी मी गप्प बसले. ते मात्र ठरवून.

दुसऱ्या रविवारी सासूबाई ओट्यावर बोंबील साफ करीत होत्या. म्हणाल्या, "ती तुजी भैनूस नाय? गेले आयतवारी पन बसली व्हती."

मी म्हटलं, "कामाला आली असेल."

त्यांनी मान वर केली नाही. "त्याची डावी मूठ सुटत नाय. रोज तेल लावून उघडतंय मी. तू घाबरशील म्हनून बोलली नाय तुला."

एवढे महिने मी त्यांच्यापासून लपवत होते आणि त्या माझ्यापासून. आंघोळीच्या वेळी त्या मला बाहेर का पाठवायच्या ते आता कळलं. मी खाली बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "तेलानं झाला असता त एवढ्यान झाला असता. ने त्याला."

काल धक्क्यापर्यंत त्याच माझ्याबरोबर आल्या होत्या. तू पाहिलंस की नाही माहीत नाही, त्या मागे जाळ्यांपाशी थांबल्या.

तारीख कळव. यावेळी मी त्याला मांडीवर घेणार नाही. आणि मला खोलीबाहेर बसवलंत तरी चालेल.

भाविका


बोनकोडे
१९ जानेवारी २०२६

भावी,

तुला खोलीबाहेर बसवलं नाही ते बरंच झालं. नामूने वर बघितलं की त्याला तू दिसायला हवी होतीस, आणि तू तिथे होतीस, स्वतःचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून.

निकाल तुला मॅडमनी सांगितलाच आहे, तरी माझ्या शब्दांत पुन्हा लिहिते, कारण अशा वेळी कानात काहीच शिरत नाही. नामूच्या डाव्या बाजूला अशक्तपणा आहे, सौम्य. हात जास्त, पाय थोडा. चालताना डावी टाच उचलली जाते ती त्यामुळेच. त्याची समज, नजर, बोलणं छान आहे. हे पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. तो डाव्या हाताने किती करू लागेल हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही. पण आज तो त्या हाताला विसरून गेलाय, आणि ते विसरणं आपण मोडू शकतो. रोज थोडा वेळ उजवा हात मोज्यात आणि खेळ डाव्याने. तो चिडेल, मोजा ओढेल, तुझ्याकडे असं बघेल की तुझा जीव तुटेल. तरी करायचं.

या वेळी दोघा नव्या परीक्षकांनी त्याला वेगवेगळं तपासलं आणि दोघांचे गुण जुळले. मी मुद्दाम दुसऱ्या शहरातून माणसं बोलावली होती.

आता आमच्याकडचं सांगते. तेजसने आधी जे जे वेगळे गुण दिले होते, ती सगळी चित्रणं आम्ही पुन्हा लावली. काही ठिकाणी तो चुकलाय, हाताने जोखायचं ते नुसतं डोळ्यांनी जोखतो. ते शिकवता येतं, आणि तो शिकला. आता तो परीक्षक आहे. पण मला जास्त सांगायचंय ते नमिताबद्दल. निकाल कळल्यावर ती दोन दिवस कामावर आलीच नाही. मला वाटलं सोडून जाते. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "माझी सगळी जुनी चित्रणं द्या." एका खोलीत बसून तिने स्वतःलाच तपासलं. तिला आणखी दोन मुलं सापडली, दोन्ही आईच्या मांडीवर गुणी ठरलेली. एकीच्या आईचा फोन बंद होता. नमिता पत्ता शोधत खालापूरपलीकडच्या वाडीवर गेली आणि मायलेकींना सोबत घेऊनच आली.

नियम मी बदललाय. मूल चटईवर, आई शेजारी. दोन्ही हात एकेकटे तपासायचे. आणि परीक्षकाने मुलाकडे बघण्याआधी आईचे हात कुठे आहेत ते बघायचं. चौघांना मी एक सांगितलं, आई तुम्हाला फसवत नसते, ती मुलाला सावरत असते. तिच्या हातातलं सोडवून घ्यायचं नसतं, तिने आपणहून सोडावं असं वागायचं असतं.

एक विचारायचंय, आणि नाही म्हणालीस तरी आपल्यात काही बदलणार नाही. फेब्रुवारीत दुसऱ्या जिल्ह्यांतून नवी तुकडी येतेय. त्यांना शिकवायला तुझ्या पहिल्या भेटीच्या चित्रणासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुझा चेहरा पुसट करता येईल, नाव कुठेच येणार नाही. विचार कर, प्रणयशी बोल, मग कळव.

ताई


मोरा
८ फेब्रुवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण प्रणय यायची वाट बघत होते. या खेपेला बोट लांब गेली होती, चार दिवसांपूर्वी लागली. त्याला सगळं सांगितलं. वजन-उंचीचं खोटं बोलले होते तेही. तो नामूच्या मोजा घातलेल्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "मलापन नाय माहीत."

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या जाळ्याचे तरंगते बोये दोरीच्या एका टोकाला ओवले आणि दुसरं टोक आडव्या वाशावरून खाली सोडलं. नामूला म्हणाला, "वड. जाला वड." दोरी ओढायला दोन्ही हात लागतात. एका हाताने ओढली की ती परत सरकते, मग नामू ओरडतो. सासूबाई म्हणाल्या, पोराला रडवू नका. मग त्याच त्याच्यामागे बसल्या आणि डावी मूठ दोरीवर ठेवून द्यायला लागल्या. मी त्यांना सांगितलं, आई, ठेवून द्यायची नाही, त्याला ठेवू द्या. त्यांनी हात मागे घेतला. सोपं नाही ते, मला माहीत आहे.

अजून तो डाव्या हाताने दोरी धरतो आणि सोडतो. धरणं जमतं, ओढणं नाही. मोजा दिवसातून किती वेळा फेकतो ते विचारू नकोस. आळीतल्या बायकांनी विचारलं, हाताला काय लागलं? मी सांगितलं, लागलं नाही, डावा हात कमजोर आहे, त्याला कामाला लावलंय. एवढं बोलायला मला दोन वर्षं लागली आणि बायकांनी ऐकून कोलंबीचा भाव विचारला.

चित्रणाचं म्हणशील तर दाखव. माझा चेहरा पुसट करू नकोस. पुसट केलात तर त्यांना वाटेल, कुणीतरी अडाणी बाई असेल, काहीतरी लपवणारी. मला बघू दे त्यांना. मी नीट साडी नेसले होते, केस विंचरले होते, हसून बोलत होते, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या आया तशाच असतील.

प्रणयची हरकत नाही. माझी एक अट आहे. दाखवण्याआधी त्यांना काही सांगू नकोस. नमिताताईंनी दिले तसे त्यांनाही आधी गुण देऊ दे. मग कितीजणांना माझा हात दिसला, तेवढं मला कळव.

भाविका